तिरप्या अक्षराचा कल

अक्षराचं रूप डोळ्यांनी पाहायचं असतं, आणि त्याविषयी मी आज रेडिओवर बोलणार आहे. पण हे वाटतं तितकं विपरीत नाही. बातम्या देणारा निवेदक एखाद्या शब्दावर किंचित जोर देतो, एखाद्या नावाआधी अर्धा क्षण थांबतो. तेवढ्यानं ऐकणाऱ्याला कळतं की इथं काही वेगळं आहे. छापील मजकुराला हा आवाज नाही. म्हणून छापखान्यानं दोन युक्त्या काढल्या. जोर द्यायचा तर अक्षर जाड करायचं, आणि बोलण्याचा सूर बदलायचा तर अक्षर तिरपं करायचं. दोन्ही एकदम हवं असेल तर जाड आणि तिरपं. संगणकावर जुळणी करणारी मुलं त्याला ‘बोल्ड इटालिक’ म्हणतात. कळफलकावर दोन कळा दाबल्या की काम झालं.

आमच्या माधवनगरात, सांगली-तासगाव रस्त्यावर, नुसतं उभं राहिलं तरी या अक्षराचे दहा नमुने तासाभरात दिसतात. ऊस भरून जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मालकाच्या मुलाचं नाव तिरपं रंगवलेलं असतं. तिरप्या अक्षराला वेग असतो, हे पेंटरला कुणी शिकवावं लागत नाही. लग्नपत्रिकेत ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ तिरपी असते, कारण ती लहान मुलाच्या तोंडची. वाढदिवसाच्या फलकावर ‘हार्दिक शुभेच्छा’ जाड आणि तिरप्या. फक्त रेल्वे स्टेशनाची पिवळी पाटी मात्र अजून जाड आणि सरळ अक्षरांत उभी आहे. धावत्या गाडीतून वाचायचं अक्षर हललेलं चालत नाही.

हे तिरपं अक्षर आलं कुठून? त्याचा जन्म कवितेच्या पुस्तकात झाला, हे सांगताना एक कवी म्हणून मला थोडा अभिमान वाटतो. इटलीतल्या व्हेनिस शहरात आल्डस मॅन्युशियस नावाचा मोठा विद्वान मुद्रक होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानं नव्या वळणाचे खिळे कोरले. १५०१ साली आल्डसनं व्हर्जिल या लॅटिन कवीचं पुस्तक त्या खिळ्यांत छापलं. पुस्तक लहान, हातात धरून वाचता येईल असं. त्याच्या आधीच्या छापील पोथ्या भल्या थोरल्या, मेजावर ठेवून वाचायच्या. त्याच वर्षी पेट्रार्क आणि पुढच्या वर्षी दान्ते हे इटालियन कवीही त्यानं असेच छापले. इटलीतून आलं म्हणून जगानं या वळणाला ‘इटालिक’ म्हटलं.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्रिफोनं सरळ अक्षर ढकलून तिरपं केलेलं नव्हतं. त्या काळी तिथले विद्वान आणि दरबारी कारकून भरभर लिहिताना जे वळण वापरत, ते त्यानं धातूत उतरवलं. हात वेगानं चालला की अक्षर पुढं झुकतं, कोपरे गोल होतात, एका अक्षराचा शेवट दुसऱ्याकडं हात पसरतो. म्हणजे इटालिक हे धावत्या हाताचं अक्षर. सरळ अक्षर शिलालेखाचं आणि ग्रंथाचं, तर तिरपं अक्षर पत्राचं आणि वहीचं. सुरुवातीला अख्खी पुस्तकं तिरप्या अक्षरात निघत. सरळ मजकुरात मधेच एखादा शब्द वेगळा दाखवण्यासाठी तिरपं अक्षर वापरायची रीत नंतर पडली. पुस्तकांची नावं, दुसऱ्याचं वचन, परभाषेतला शब्द यांच्याकडं ते काम गेलं.

जाड अक्षर त्या मानानं पोरसवदा. ते बाजारातून आलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कारखाने वाढले, माल वाढला, भिंतीवर जाहिराती लागल्या. लांबून दिसेल असं ठसठशीत अक्षर हवं झालं. १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेस्ली यानं ‘क्लॅरेंडन’ नावाचा जाड टाइप काढला. पाय मजबूत, टोकांना जाड शेपट्या. इंग्रजी अक्षराच्या टोकाला असलेल्या या शेपटीला ‘सेरिफ’ म्हणतात. क्लॅरेंडनचा उपयोग जाहिरातीत झालाच, पण शब्दकोशात मूळ शब्द उठून दिसावा म्हणूनही जाड अक्षर सोयीचं ठरलं. पुढं या दोघांचं लग्न लागलं. तिरप्या अक्षराची लगबग आणि जाड अक्षराचा बाजारी आवाज एकाच खिळ्यात आला. सेरिफवालं जाड-तिरपं अक्षर म्हणजे पळत पळत ओरडणारा माणूस. असा माणूस कधी कधी हवाच असतो. पण तो दिवसभर घरात असला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्याकडं येऊ. आपली देवनागरी बोरूनं घडवली. रोमन लिपीचा रुंद टाक ज्या बाजूनं तिरपा कापतात, त्याच्या उलट बाजूनं बोरूचा काप असतो. त्यामुळं अक्षरात जाड कुठं आणि बारीक कुठं, हा हिशोबच वेगळा. इंग्रजी अक्षर खालच्या ओळीवर पाय रोवून उभं राहतं. आपलं अक्षर शिरोरेषेला वाळत घातलेल्या कपड्यासारखं लोंबतं. त्याला शेपटीची गरज पडली नाही, कारण डोक्यावर आडवी दोरी होती. जुन्या मराठी पोथ्यांत तर शब्दाशब्दांत जागाही सोडत नसत. मग महत्त्वाचं कसं दाखवायचं? लाल शाईनं. अध्यायाचा शेवट, ‘श्रीभगवानुवाच’ असा बोलणाऱ्याचा उल्लेख हिंगुळाच्या लाल रंगात लिहीत. आमच्या कुराणाच्या जुन्या हस्तलिखितांतही सूऱ्यांची नावं रंगानं किंवा सोन्यानं वेगळी केलेली असतात. अक्षर तेच, वळण तेच, फक्त शाई दुसरी. कुठल्याही शब्दाला वाकावं लागत नसे.

मराठी मुलखातल्या छपाईच्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक तर आमच्या शेजारी, मिरजेत झाला. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट होता. त्याच्या आणि नाना फडणवीसांच्या प्रोत्साहनानं पुण्याच्या एका तांबटानं नागरी अक्षरं कोरायची कला हस्तगत केली. १८०० साली नाना गेले आणि पुण्यात या कामाला वाली उरला नाही. तेव्हा मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला, आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता मिरजेत छापली गेली. हे सुटे खिळे नव्हते. पानच्या पान उलटं कोरलेलं. म्हणजे ती पोथीच, फक्त तांब्यातली.

आणि योगायोग पाहा. त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण सुट्या नागरी खिळ्यांत छापून निघालं. तिथले खिळे पंचानन कर्मकार यांच्या परंपरेतल्या कारागिरांचे. पुढं १८१० साली केरीनं मराठीचा कोश काढला तो मोडीच्या खिळ्यांत. मिरजेच्या पत्र्याचा वंश वाढला नाही, श्रीरामपूरच्या खिळ्याचा वाढला.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर १८३१ साली पंचांग छापलं. त्यानंतर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांनी सुबक नागरी खिळे पाडायला सुरुवात केली. त्याच छापखान्यात लहानपणी कामाला लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ साली स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्या हातचे निर्णयसागरचे खिळे भारतभर संस्कृत ग्रंथांसाठी नावाजले. आज आपण ‘छान मराठी अक्षर’ म्हणून डोळ्यांपुढं आणतो ते बहुतेक या घराण्याचं आहे.

या सगळ्या खटपटीत तिरप्या अक्षराला जागा नव्हती. कारण उघड होतं. देवनागरीला आधीच खिळे शेकड्यांनी लागत. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार. जुळाऱ्यापुढं दोन-चार केसी उघड्या असत आणि त्याचे हात त्यांच्यावरून फिरत असत. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करायचा उद्योग मांडला, सावरकरांनी लिपीसुधारणेत ‘अि’, ‘अु’ अशी बाराखडी सुचवली, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या ‘किर्लोस्कर’ मासिकानं ती बाराखडी उचलली. सगळ्यांची धडपड ओझं हलकं करण्याची. त्यात आणखी तिरप्या खिळ्यांचा दुसरा संसार कोण थाटणार? छोट्या छापखान्यात जाड म्हणजे ‘काळा टाइप’ असला तरी पुष्कळ. बाकी वेगळेपण अवतरणचिन्हानं दाखवत.

शिवाय देवनागरी तिरपी करण्यात एक शारीरिक अडचण आहे. अक्षराचा काना उभा असतो आणि शिरोरेषा आडवी. तिरपं केलं की काना कलतो, पण शिरोरेषा जागची हलत नाही. त्यामुळं वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार उजवीकडं सरकतात. ‘वंदन’ लिहिताना व-वरचं टिंब सरकून द-च्या डोक्यावर बसायला बघतं. ‘ख’ आणि ‘रव’ यांचा जुना घोटाळा आणखी वाढतो. वर ते जाडही केलं तर ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ह्म’ यांच्या पोटातली पांढरी जागा शाईनं भरून जाते. वर्तमानपत्राच्या कागदावर तर डागच. लहान आकारात जाड-तिरपं देवनागरी वाचताना चाळिशी ओलांडलेल्या माणसाचे डोळे जे म्हणतात, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

इथं मला एक प्रश्न पडतो. इटालिक म्हणजे धावत्या हाताचं अक्षर, असं आपण म्हटलं. मग मराठीला धावतं अक्षर नव्हतं काय? होतं की. मोडी. आधी कागदभर शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं. अक्षरं गोलावतात, एकमेकांत गुंततात. ग्रंथ बाळबोधीत, व्यवहार मोडीत, अशी शतकानुशतकं वाटणी होती. पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल या अक्षरानं भरले आहेत. व्हेनिसच्या ग्रिफोनं दरबारी कारकुनाचं वळण उचलून त्याला ग्रंथात मानाची जागा दिली. आपल्याकडं मोडीचे खिळे पाडले गेले, शिळाप्रेसवर मोडी छापलीही गेली, पण बाळबोधीच्या शेजारी त्याच पानावर, त्याच ओळीत मोडी नांदली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेतून गेली, मग कचेरीतून, मग हातातून. स्वतःचं धावतं अक्षर आपण दफ्तरात बांधून ठेवलं आणि परक्या लिपीचा कल उसना आणला. संगणक सरळ अक्षराला खांद्याला धरून ढकलतो, त्याला आपण इटालिक म्हणतो. त्यात हाताचं वळण कुठंच नाही.

उर्दूचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. नस्तालिक लिपीत प्रत्येक शब्द वर उजवीकडून खाली डावीकडं घसरत येतो. कल हाच तिचा स्वभाव. म्हणून ती सुट्या खिळ्यांत कधी मावली नाही. कातिबानं हातानं लिहायचं आणि शिळेवर छापायचं, हे विसाव्या शतकातही चालू राहिलं. १९२७ साली चेन्नईत सुरू झालेलं ‘मुसलमान’ हे उर्दू दैनिक कित्येक दशकं हातानं लिहून निघालं. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती लिहून ‘नूरी नस्तालिक’ संगणकावर आणली, तेव्हा कुठं यंत्र त्या लिपीपुढं वाकलं. उर्दूवाल्यांनी यंत्राला थांबवून ठेवलं आणि आपण यंत्रासाठी अक्षर बदललं. दोघांनीही त्याची किंमत मोजली. पण एक गोष्ट नक्की. नस्तालिकमध्ये सगळेच शब्द कललेले असल्यामुळं एखादा शब्द तिरपा करून वेगळा पाडता येत नाही. तिथं सगळ्यांचा कल एकच.

मी या विषयात शिरलो त्याचं कारण यातच आहे. काही वर्षांपूर्वी माझा एक कवितासंग्रह छपाईला गेला होता. मुद्रितं आली. पाहतो तर ‘अम्मी’, ‘दस्तरखान’, ‘सजदा’, ‘ईदी’, ‘दुआ’ हे शब्द जिथं जिथं आले होते तिथं तिथं जाड आणि तिरपे. प्रकाशकांना विचारलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, “वाचकाच्या सोयीसाठी केलंय हो. परभाषेतले शब्द वेगळे दाखवायची पद्धत आहे.” मी म्हटलं, “साहेब, ‘अम्मी’ ही परभाषा नाही. ती माझी आई आहे.” ते हसले. पुस्तक तसंच निघालं.

इंग्रजी पुस्तकांत ही पद्धत आहे, हे खरं. पण मराठीत ती आणायची तर कुठवर न्यायची? त्याच कवितेत ‘कागद’ होता, ‘शाई’ होती, ‘दौत’ होती. तिन्ही शब्द फारसी-अरबी वाटेनं आलेले. ते सरळ उभे. ज्या ‘मजकुरा’त हे शब्द होते तो मजकूर अरबी, जो हिशोब लागला तो हिशोब अरबी, छापखान्यातला ‘खाना’ फारसी, आणि पुस्तकाची जी ‘जाहिरात’ झाली तीही ‘जाहीर’ची लेक. मोडी कागद ज्यात बांधत तो ‘रुमाल’ आणि ज्यात ठेवत ते ‘दफ्तर’ तिकडचंच. खुद्द ‘पेशवा’ हा शब्द फारसी. यांना कुणी तिरपं केलं नाही, कारण ते घरचे झाले. मग एखादा शब्द घरचा झाला हे ठरवतो कोण? किती पिढ्या राहिल्यावर?

हा वाद जुना आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. काही रुजले, पुष्कळसे नाहीत. माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ काढला, मराठीत गझल रुजवण्यासाठी जिवापाड मेहनत घेतली, आणि १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ही त्यांनीच लिहिला. एकाच माणसाच्या मनात हे दोन्ही ओढे वाहत होते. त्यांच्याशी कुणाचं जमो न जमो, त्यांनी आपली बाजू पुस्तक लिहून, कारणं देऊन मांडली. जाड-तिरपं अक्षर कारण देत नाही. ते वाचकाला गुपचूप सांगतं की हा पाहुणा आहे, इथं जरा जपून. वाचकाला कळतही नाही की त्याला काही सांगितलं गेलं आहे.

ते किती खोल जातं, हे मला पुढं कळलं. एका महाविद्यालयात एका मुलीनं माझीच कविता वाचून दाखवली. चांगली वाचली. पण ‘अम्मी’ आलं की तिचा आवाज चढे, ‘दुआ’ आलं की ती थांबून ठासून म्हणे. तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं जसं छापलं होतं तसं वाचलं. त्या कवितेत माझी आई पहाटे, कुणाची झोप मोडू नये म्हणून, ओठांतल्या ओठांत दुआ मागते. छपाईनं तिला ओरडायला लावलं होतं. कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघणं आपल्याकडं कपिलाषष्ठीचा योग. आणि तिरपं अक्षर पेनानं सरळ करता येत नाही.

म्हणून मी तिरप्या अक्षराचा शत्रू झालो आहे असं समजू नका. त्याची कामं आहेत. नाटकाच्या संहितेत कंसातली सूचना तिरपी असावी. पात्राचं बोलणं आणि ‘दाराकडं जातो’ हे वेगळं दिसायलाच हवं. सांगली ही १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ती जागा. इथल्या माणसाला हे पटेल. पत्र, स्वप्न, मनातलं बोलणं यांना तिरपं अक्षर शोभतं. कोशातला मूळ शब्द, औषधाच्या बाटलीवरची धोक्याची सूचना, परीक्षेतला ‘कोणतेही चार सोडवा’ यांना जाड. आणि दोन्ही मिळून हवं असेल तर जाहिरात, फलक, मोठ्या आकारातलं नाव. तिथं अक्षर मोठं असल्यानं पोटातली पांढरी जागाही शाबूत राहते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत नावं काढली ती पाहा. त्यांच्या अक्षराला कल असे, जाडी असे, पण ती त्या नाटकाच्या स्वभावातून आलेली. ते २०२० साली गेले. त्यांची अक्षरं सगळी हाताची. त्यातलं एकही कळ दाबून तिरपं झालेलं नव्हतं.

संगणकावरही हाताची बूज राखणारी माणसं झाली. संगणकात बहुतेकांनी पाहिलेला ‘मंगल’ हा टाइप र. कृ. जोशी यांचा. ते सुलेखनकार होते आणि कवीही. २००८ साली ते गेले. अलीकडं मराठी वळणाचा ल आणि श मुद्दाम सांभाळणारा ‘टिरो देवनागरी मराठी’ हा टाइप सर्वांना मोफत मिळाला, त्याला तिरपा जोडीदारही आहे. म्हणजे कारागिरांनी विचार सुरू केला आहे. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. मोडी वाचनाचे वर्ग भरतात, तरुण मुलं येतात, पणजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन बसतात.

त्यातल्याच एखाद्याच्या हातून कधी काळी मराठीचं खरं धावतं अक्षर घडावं, अशी माझी इच्छा आहे. नागरीचा कणा आणि मोडीचा ओघ असलेलं. तोवर संपादक, प्रकाशक आणि जुळणी करणाऱ्या मुलामुलींना माझी एवढीच विनंती आहे. शब्द तिरपा करण्यापूर्वी तो एकदा मोठ्यानं वाचून पाहा. वाचताना तुमचा आवाज बदलत असेल तर खुशाल तिरपा करा. आवाज बदलत नसेल, तर तो शब्द जसा उभा आहे तसा उभा राहू द्या.